लोड घेतला की घातला?

पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा ऑफिसात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘लोड घेऊ नको’. टीम लीड शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता काम पाठवायचा आणि खाली लिहायचा, ‘लोड घेऊ नको, सोमवारी सकाळी दिलं तरी चालेल.’ रूममेटनं घरभाडं वाढल्याचं सांगितलं तेही याच वाक्यानं संपवून. सगळे प्रेमानंच बोलायचे. मी पण इतरांना तेच म्हणू लागले.

चांदूर बाजारला आमच्या घरी आजीलाही ‘लोड’ हा शब्द माहीत होता, पण तिचा लोड म्हणजे बैठकीतल्या गादीवरचा लांबट गोल तक्क्या. पाहुण्याला ‘लोड घ्या’ म्हणायचं म्हणजे पाठ टेका, सैल बसा. एकदा फोनवर तिनं विचारलं, “काहून बाप्पा, थकल्यावानी बोलून राह्यली?” मी म्हटलं, “आजी, लोड लय हाये.” ती म्हणाली, “मंग टेक नं त्याले.”

मी खूप हसले. पण त्या दिवसापासून ‘लोड घेणं’ कानाला खटकायला लागलं. शुक्रवारी सातला आलेलं काम मी घेतलं होतं का? ते माझ्यावर घातलं होतं. तरी वाक्यात कर्ता मीच. काम पाठवणारा वाक्यात कुठेच नव्हता. उलट तो माझी काळजी करणारा माणूस झाला होता.

या लेखात मला एवढंच तपासायचं आहे: आपण झेपेना इतक्या भाराबद्दल बोलतो तेव्हा मराठी क्रियापदं कोणाचा हात दाखवतात आणि कोणाचा झाकतात. आणि वऱ्हाडातल्या दोन कादंबऱ्यांनी हा झाकलेला हात कसा बाहेर काढला.

घेतलं, पडलं, लादलं

मराठीत भाराची तीन मुख्य क्रियापदं आहेत. पहिलं ‘घेणं’. जबाबदारी घेतली, टेन्शन घेतलं, अंगावर घेतलं. यात जो वाहतो तोच कर्ता. दुसरं ‘पडणं’, आणि त्याचे भाऊबंद ‘येणं’, ‘बसणं’. घर माझ्यावर पडलं, वेळ आली, भुर्दंड बसला. यात कर्ताच नाही, गारपिटीसारखं सगळं आभाळातून आलेलं. तिसरं ‘लादणं’, आणि त्याच्या घरचे ‘माथी मारणं’, ‘गळ्यात घालणं’. इथे कोणीतरी दुसरा असतो. पण हेही आपण बहुतेक वेळा ‘लादलं गेलं’ असं म्हणतो आणि त्या दुसऱ्याला हळूच घरी जाऊ देतो.

शब्दांनी भाराला शरीरावर जागाही वाटून दिल्या आहेत. खांद्यावर घेतो ते राजीखुशीनं. गळ्यात पडतं ते नको असताना. मानगुटीवर बसतं ते भूत. डोईजड होतो तो माणूस, बहुधा आपणच कधीतरी वर चढवलेला. अंगावर घेतलेलं काम बिघडलं की अंगलट येतं. म्हणजे कामही आपल्याच अंगावर आणि त्याचा दोषही आपल्याच अंगाला. कंबरडं मोडतं ते शेवटी, आणि मोडल्यावरच लोकांना कळतं की भार होता.

आमच्या वऱ्हाडात बाईला बोल लावायचा तर वाक्य तयार असतं: “तुले कोनं सांगितलं होतं एवढं अंगावर घ्याले?” हे मी आईला उद्देशून इतक्यांदा ऐकलं आहे की तो प्रश्न आहे हेच विसरायला झालं होतं. पहाटेचा स्वयंपाक, वावरातलं निंदण, आजीची औषधं, माझ्या परीक्षा. खरंच कोणी सांगितलं होतं? सांगावं लागलंच नव्हतं. बाकीच्यांनी आपापली कामं खाली ठेवली की ती उचलणारं माणूस घरात एकच होतं. मग त्या उचलण्याला ‘अंगावर घेणं’ म्हणायचं.

कौतिकचं ओझं

हे मला नीट कळलं ते उद्धव शेळके यांची ‘धग’ वाचताना. 1960 साली आलेली ही कादंबरी अमरावतीकडच्या मुलखातली आणि वऱ्हाडी बोलीतली. कॉलेजात आम्हाला तिच्याबद्दल सांगितलं गेलं ते ‘सोशिक आईची कहाणी’ म्हणून. परीक्षेत कौतिकच्या स्वभावाची वैशिष्ट्यं लिहायची: कष्टाळू, स्वाभिमानी, सोशिक. तीन शब्द, तीन गुण. मीही लिहून आले.

नंतर फुरसतीत वाचली तेव्हा वाटलं की ‘सोशिक’ हा शब्द कादंबरीला लावणं म्हणजे आईला विचारतात तोच प्रश्न जरा गोड करून विचारणं. कौतिक सुरुवातीला खरोखर काहीतरी घेते. आपला संसार आपल्या पायावर उभा राहावा, मुलांनी शिकावं, एवढं तिचं म्हणणं. हा तिचा निर्णय आहे आणि शेळके तो तिच्याकडून काढून घेत नाहीत. पण पुढचं सगळं तिनं घेतलेलं नाही. शिवणकामावर घर चालवायचं ते नवरा महादेव याच्यानं होत नाही. भीमा, नामा, यसोदा ही मुलं आपापल्या नशिबाच्या मागे जातात. प्रत्येकाच्या हातून जे सुटतं ते तिच्या डोक्यावर येतं. ‘घेतलं’चं ‘पडलं’ कधी झालं ती रेषा कादंबरी कुठेच आखून देत नाही. जगतानाही ती रेषा दिसत नसतेच.

शेळक्यांचं मोठेपण मला इथे वाटतं. निवेदक कौतिकला शाबासकी देत नाही आणि तिची कीवही करत नाही. तो दिवस सांगतो, मजुरी सांगतो, घरात काय आहे आणि काय संपलं ते सांगतो. हिशेब इतका चोख की वाचताना आपण आपोआप मोजू लागतो: हे तिचं, हे महादेवचं, हे गावाचं, हे गरिबीचं. ज्या घरात ‘आई करते’ एवढंच म्हणायची सवय असते, त्या घरातल्या वाचकाला ही वेगळी मोजणी जड जाते. मला गेली.

आणि नाव बघा. धग म्हणजे आग नव्हे, आगीजवळ बसणाऱ्याला लागते ती ऊब, पुढे तोच चटका. आग कोणी लावली ते दिसत नाही, पण जो चुलीजवळ आहे त्याचं अंग भाजतं. लादणाऱ्याचा हात न दिसता लादलं कसं जातं, ते या दोन अक्षरांत आहे.

सातबाऱ्यावरचा ‘बोजा’

हात न दिसण्याची गंमत फक्त घरात नसते, ती कागदावरही असते. आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही पोराला विचारा, सातबारा त्यानं मोबाइलवर पाहिलेला असतो. त्यात ‘इतर अधिकार’ नावाची जागा असते. तिथे बँकेचं नाव आणि रक्कम येते आणि त्या नोंदीला म्हणतात ‘बोजा’. जमिनीवर बोजा चढतो. इथेही शब्द अंगमेहनतीचाच आहे, जणू वावराच्या पाठीवर पोतं ठेवलं.

माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी बाबांनी संत्र्याच्या बगीच्यावर कर्ज काढलं. नावाला पिकासाठी होतं. त्यातले अर्धे पैसे माझ्या फीला आणि होस्टेलला गेले. त्या वर्षी फळगळ झाली, पुढच्या वर्षी भाव नव्हता. मी नोकरीला लागल्यावर तीन वर्षं पगारातून हप्ते भरले आणि एका दिवाळीला सगळं फिटलं. बँकेनं बेबाकी दाखला दिला. मी घरी पेढे नेले. रात्री सहज मोबाइलवर सातबारा उघडला तर बोजा होता तिथेच.

मग कळलं की फेडल्यानं बोजा आपोआप उतरत नाही. दाखला घेऊन जायचं, अर्ज द्यायचा, फेरफार व्हायचा, मग नोंद जायची. माझ्या तीन चकरा झाल्या. चढवताना बाबांना एक सही लागली होती. तिसऱ्या चकरेला रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, “कोनाचा बोजा हाये पोरी?” मी पटकन म्हटलं, “माहा.” मागे उभे असलेले बाबा म्हणाले, “तिचा कायले, म्या काढला व्हता.” दोघंही खरं बोलत होतो. कागदावर मात्र बाबांचं एकट्याचं नाव होतं. फी ठरवणारं कॉलेज, संत्र्याचा भाव पाडणारा बाजार, यांतलं कोणी त्या कागदावर नव्हतं.

अख्खा वऱ्हाड तारण

हे आजचंच आहे असंही नाही. आपला वऱ्हाड एकदा असाच कर्जापोटी गेलेला मुलूख आहे. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमात होती आणि तिचा खर्च निजामाच्या डोक्यावर. ती निजामाला किती हवी होती हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. पगार थकले, कंपनीनं पैसे पुरवले, ते निजामाच्या नावे लागले, थकबाकी फुगली. 1853 च्या तहानं वऱ्हाड, हा काळ्या मातीचा आणि कापसाचा मुलूख, कंपनीच्या ताब्यात गेला. पुढे 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांच्या बदल्यात तो कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे राहिला.

फौज लादलेली, पण कर्ज ‘घेतलेलं’. दप्तरात निजाम कर्जदार झाला आणि फौज ज्यांच्या हुकमात होती ते सावकार झाले. शुक्रवारी संध्याकाळी सातला काम पाठवून ‘लोड घेऊ नको’ म्हणणाऱ्याची आठवण मला हा तह वाचताना आली. तुलना फारच लहान आहे हे कळतं. पण क्रियापद तेच आहे.

एकनाथच्या पाठीवर

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही वऱ्हाडातली दुसरी कादंबरी. तिला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ, न पिकणारी शेती, शिक्षकाच्या नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे, खेड्यात न रमणारी बायको अलका, वाट शोधणारा धाकटा मधू. ‘धग’मध्ये भार घरातल्या माणसांच्या हातून सुटत सुटत येतो. इथे तो संस्था, बाजार आणि सरकार यांच्याकडून येतो आणि लेखक त्यांची ठिकाणं नीट दाखवतो. शिक्षण हे ओझं उतरवणारं साधन म्हणून घेतलं आणि तेच वर चढून बसलं, हे एकनाथचं दुखणं आज गावातल्या कितीतरी पोरापोरींचं आहे. माझंही होऊ शकलं असतं, थोडक्यात वाचले.

तरी माझी एक तक्रार आहे. ‘बारोमास’ काही ठिकाणी स्वतःच लादते. खेड्यातलं जे जे वाईट म्हणून सांगता येईल ते ते एका घरावर रचलं जातं. एकनाथ बोलू लागला की कधीकधी तो माणूस न राहता मोर्चातलं भाषण होतो. शेळके एक रिकामी बरणी दाखवून थांबले असते, तिथे देशमुख बरणी का रिकामी आहे तेही समजावतात. वाचकाला उचलायला काही उरत नाही.

मात्र दुसऱ्या वाचनात या तक्रारीची धार थोडी कमी झाली. व्याज असंच चढतं. त्याला सौंदर्यदृष्टी नसते, एका घराला एवढं पुरे असं ते म्हणत नाही. लग्न, आजारपण, बियाणं, डोनेशन, सगळं एकाच वहीत एकाखाली एक लिहिलं जातं. ‘बारोमास’ची दमवणारी रचना त्या वहीसारखी आहे. ती कमी कलात्मक आहे हे माझं मत अजून तसंच आहे. पण तिचं दमवणं खोटं नाही, आणि लादणाऱ्यांची नावं घेण्यात ती ‘धग’पेक्षा धीट आहे.

‘कंटाळून’ आणि ‘माफी’

कादंबऱ्या एवढी मेहनत घेतात आणि बातम्या एका शब्दात सगळं पुसतात. ‘नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून’ हे शब्द आमच्या जिल्ह्यात वाढलेल्या प्रत्येकानं पेपरात वाचले आहेत. कंटाळून! कंटाळा लांबलेल्या भाषणाचा येतो, रविवारी दुपारी येतो. आणि नापिकी म्हणजे कोणी न केलेली गोष्ट. कर्जबाजारीपणा तर स्वभावदोषासारखा वाटतो, आळशीपणा, वेंधळेपणा, तसा. तिन्ही शब्दांत दुसरा माणूस नाही, भाव नाही, बियाण्याची किंमत नाही, वसुलीचा फोन नाही. त्यानंतर सरकारी कागदावर त्या मृत्यूला ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा मिळतो. हा शेरा मदतीपुरता असतो हे खरं, पण घरातले लोक तो तेवढ्यापुरता ऐकत नाहीत.

‘कर्जमाफी’ हाही तसाच शब्द. माफी गुन्ह्याला असते. शेतकरी संघटनेनं म्हणूनच ‘कर्जमुक्ती’ असं म्हणायचा आग्रह धरला. 2019 च्या सरकारी योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ आलीसुद्धा. गावात आणि पेपरात मात्र आपण आजही माफीच म्हणतो. अलीकडे आमच्याकडे ‘सातबारा कोरा’ ही घोषणा ऐकू येते. तिच्या राजकारणाबद्दल मतं वेगवेगळी असतील, पण शब्द म्हणून ती मला बरी वाटते. ती गुन्ह्याबद्दल बोलत नाही, पाठीवरून काय उतरवायचं त्याबद्दल बोलते.

ताण तोडणं

उतरवण्यासाठी आपल्याकडे शब्द कमी आहेत. चढवायला, लादायला, मारायला, घालायला डझनभर. म्हणून शेवटी बगीच्यातला एक शब्द सांगते.

संत्र्याला आंबिया बहार हवा असेल तर थंडीत झाडांचं पाणी बंद करतात. याला ‘बगीचा ताणावर सोडणं’ म्हणतात. पाणी नसलं की झाडाची वाढ थांबते आणि पुढे फुलं धरतात. जमीन हलकी असेल तर ताणाचे दिवस कमी, भारी असेल तर जास्त. मग जानेवारीत पाणी सुरू करायचं. त्याला म्हणतात ‘ताण तोडणं’. ताण कमी पडला तर फुलं येत नाहीत. जास्त झाला तर पानं झडतात, फांद्या शेंड्याकडून वाळतात आणि झाड पुढची काही वर्षं सावरत नाही. बहार जोरात आला तर फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागतात. आणि एका वर्षी फळांनी लदलेलं झाड दुसऱ्या वर्षी हात आखडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यासाठी झाडाला कोणी आळशी म्हणत नाही.

शहरात आम्ही तोच ‘ताण’ शब्द वापरतो. ताण येतो, ताण असतो, ताण घेऊ नकोस. वावरातल्या वाक्यात ताण देणारा माणूस कर्ता असतो. दिवस तो मोजतो, पानांकडे तो बघतो आणि तोडायची जबाबदारीही त्याचीच असते. झाड मेलं तर ‘झाडानं ताण घेतला’ असं म्हणून सुटता येत नाही. समीक्षेत मला एवढीच कसोटी हवी आहे. भाराबद्दलचं कोणतंही वाक्य, कादंबरीतलं, बातमीतलं की बॉसच्या मेसेजमधलं, समोर आलं की विचारायचं: यात पाणी बंद करणारा दिसतो का? आणि सुरू कोण करणार?

गेल्या जानेवारीत मी घरी होते. सकाळी बाबांनी मोटर सुरू केली आणि आईला सांगितलं, “आज ताण तोडला.” आई चहा ठेवून वावरात निघाली होती. मी तिच्या हातातला विळा घेतला. ती म्हणाली, “राहू दे, तुले होत नाही आता.” खरंच होत नव्हतं. तासाभरात पाठ धरली. आजी ओसरीवर बसली होती. माझी चाल बघून तिनं काही न बोलता आपल्या पाठीमागचा लोड काढला आणि माझ्याकडे सरकवला.

मी तो घेतला.